शाळेचंही प्रगतिपुस्तक हवं

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर, बाथरूमकडे वळताना जो पॅसेज लागतो ना, तिथल्या छताचा गिलावा रात्री अडीचच्या सुमारास खाली आला. सबमिशनचे दिवस, त्यामुळे अर्धं हॉस्टेल जागंच होतं. सुदैवाने कोणाला लागलं नाही, एका बादलीचे मात्र दोन तुकडे झाले. मग काय विचारता! सकाळी रेक्टर सरांच्या ऑफिसबाहेर चाळीसएक पोरं जमली. फोटो निघाले, अर्ज लिहिला गेला, सह्या झाल्या. आठवड्याभरात माणसं आली, सळयांचा गंज घासून काढला, लेप दिला, मॉर्टर भरलं. कॉलेजचे आभार मानायलाच हवेत. पण खरं सांगायचं तर काम झालं ते आम्ही ओरडलो म्हणून. एकोणीस-वीस वर्षांची चाळीस पोरं ओरडली की ऐकू जातं.

त्याच सुमारास मेसच्या मावशी दोन दिवस आल्या नाहीत. पोळ्या कच्च्या, भाजीत मीठ नाही, आणि सगळे वैतागलेले. तिसऱ्या दिवशी आल्यावर विचारलं तर म्हणाल्या, "काय करू दादा, पोरीची शाळा पडायची झाली म्हणून बंद केली. आता दुसऱ्या शाळेत बसवतायत, तीही दुपारची. हमरस्ता ओलांडून जायचंय. सोडायला कोण जाणार?" मुलगी सातवीत. शाळा पालिकेची, आमच्या मागच्या गेटपासून चालत दहा मिनिटांवर. सुट्टीत इमारत धोकादायक ठरली आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मुलांना कळलं की आपली शाळा दुसऱ्याच शाळेच्या वरच्या मजल्यावर भरणार आहे. किती दिवसांसाठी? ते कोणीच सांगितलं नाही. नवी इमारत कधी? तेही नाही. मावशींचा विचार पक्का होत होता. "गावाला आजीकडे ठेवते, नाहीतर घरीच बसू दे वर्षभर."

आमच्या छताला आठ दिवस लागले. तिच्या शाळेला किती वर्षं लागतील, हे सांगणारा एकही कागद कोणाकडे नव्हता. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून हा लेख. मी स्थापत्यचा विद्यार्थी आहे, त्यामुळे थोडं काँक्रीट आणि थोडे आकडे सहन करावे लागतील. कॉम्प्युटरवाल्यांनी माफ करावं.

आधी थोडी माहिती. मुंबईत प्राथमिक शिक्षण देणं हे महापालिकेचं १८८८ च्या अधिनियमानुसार बंधनकारक कर्तव्य आहे. मर्जीचा मामला नाही. आज पालिका मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ माध्यमांतून शाळा चालवते. शाळांची संख्या हजारावर, पण इमारती पाचशेच्या आत! म्हणजे एका इमारतीत दोन-तीन शाळा, सकाळ-दुपार अशी सत्रं, तळमजल्यावर एक माध्यम आणि वर दुसरं. म्हणून एक इमारत बंद पडली की एक शाळा हलत नाही, दोन-तीन हलतात, आणि ज्या इमारतीत त्या जातात तिथल्या मुलांचीही दाटी होते.

आपल्या उपनगरांचा इतिहासही लक्षात घ्या. अंधेरी, घाटकोपर १९५० मध्ये बृहन्मुंबईत आले, बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये. त्यानंतर वस्ती वाढत गेली आणि तिच्या मागोमाग शाळा बांधल्या गेल्या. ज्या शाळा साठ, सत्तर, ऐंशीच्या दशकांत उभ्या राहिल्या, त्या आता चाळिशी ते साठीच्या घरात आहेत. एकाच काळात बांधलेल्या इमारती साधारण एकाच काळात म्हाताऱ्या होणार, हे गणित चौथीच्या मुलालाही जमेल. तरीही प्रत्येक पावसाळ्यात आपण असे चकित होतो, जणू काही हे अचानकच घडलं!

इमारत म्हातारी का होते? काँक्रीटमधल्या सळईला गंजापासून वाचवतो तो काँक्रीटचा अल्कधर्मी गुण. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपतो आणि तो गुण संपवतो. लॅबमध्ये आपण फेनॉल्फ्थॅलीन टाकून बघतो, निरोगी काँक्रीट गुलाबी होतं, मेलेलं तसंच राखाडी राहतं. त्यात मुंबईची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. सळई गंजली की तिचं आकारमान दुपटीहून जास्त फुगतं, आणि ती फुगताना वरचं काँक्रीट ढकलून देते. आपण म्हणतो, "प्लॅस्टर पडलं." प्रत्यक्षात ते आतल्या आजाराचं शेवटचं लक्षण असतं. पूर्वी सळईवरचं कव्हर कमी असायचं, आणि एम-१५ चं काँक्रीट आरसीसीला चालायचं. आयएस ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीने किमान एम-२० केलं. म्हणजे आपल्या बहुतेक जुन्या शाळा आजच्या नियमांनी पहिल्याच दिवशी नापास झाल्या असत्या. तो त्या काळच्या इंजिनियरांचा दोष नाही. पण अशा इमारतींकडे जास्त लक्ष द्यायला हवं, हे तर उघड आहे.

आता मुंबईत इमारतींचे वर्ग कसे पाडतात ते बघू. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ काम. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट मालकाने करून घ्यायचं, असा कायदा २००९ पासून आहे. दोन ऑडिटरांची मतं जुळली नाहीत तर तांत्रिक सल्लागार समिती निर्णय देते. कागदावर सगळं चोख आहे. पण खासगी सोसायटीत मालक एक आणि नोटीस देणारा दुसरा असतो. पालिकेच्या शाळेत मालक पालिका, ऑडिट नेमणारी पालिका, नोटीस काढणारी पालिका आणि नोटीस घेणारीही पालिकाच. मधे विचारणारा कोणी नाही. शिवाय मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यानंतर साडेतीन वर्षांहून जास्त काळ पालिकेत प्रशासकच होता. शिक्षण समितीत उभं राहून "अमक्या शाळेचं काय झालं?" असं विचारायला माणूसच नव्हता.

कोणी म्हणेल, धोकादायक इमारत रिकामी केली त्यात चूक काय? काहीच नाही. उशीर केला तर काय होतं ते आपण पाहिलंय. १८ जुलै २००७ ला बोरिवलीत लक्ष्मीछाया कोसळली. २७ सप्टेंबर २०१३ च्या पहाटे माझगावात बाबू गेनू मार्केटची इमारत कोसळून ६१ माणसं गेली. ती इमारत पालिकेचीच होती, राहणारे पालिकेचेच कर्मचारी होते, आणि वय जेमतेम तीस-पस्तीस वर्षं. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरच्या दामोदर पार्कमध्ये १७ जण गेले. शाळांचं म्हणाल तर ऑगस्ट २०१७ मध्ये नगर जिल्ह्यातल्या निंबोडी गावात जिल्हा परिषद शाळेची इमारत कोसळून तीन मुलं दगावली. आणि २५ जुलै २०२५ ला राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी सरकारी शाळेचं छत कोसळलं, सात मुलं गेली. शाळा भरलेली होती. त्यामुळे "जुनी आहे पण मजबूत आहे हो" असं नुसत्या डोळ्यांनी बघून म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ऑडिटचा कागद म्हणजे देवाची वाणी नव्हे. १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल पडून सात माणसं गेली. त्याआधी त्या पुलाचं ऑडिट झालेलं होतं, आणि किरकोळ दुरुस्ती सुचवून तो वापरायला योग्य ठरवला होता! जो कागद खराब पुलाला चांगला म्हणू शकतो, तो चांगल्या इमारतीला खराबही म्हणू शकतो. २०२५ मध्ये माहीमच्या मोरी रोडवरच्या न्यू माहीम शाळेवरून हाच वाद पेटला. पालिका म्हणाली इमारत धोकादायक, पालक आणि माजी विद्यार्थी म्हणाले ती पाडण्याइतकी वाईट नाही. मी तो अहवाल वाचलेला नाही, म्हणून कोण बरोबर ते सांगत नाही. मला त्यातलं दिसलं ते एवढंच, की लोकांचा विश्वास उडालेला आहे. आणि तो का उडाला? कारण शाळेच्या प्लॉटवर उद्या काय उभं राहील, मुलं परत येतील का, याचं उत्तर लेखी कोणी देत नाही. मुंबईत जमिनीचा भाव काय आहे ते सगळ्यांना ठाऊक. मग शंका येणारच.

खरी मेख इथे आहे. इमारत रिकामी करण्याचं नियोजन होतं, मुलांचं होत नाही. शाळा दोन किलोमीटर दूर गेली की पहिल्या वर्षी लहान मुलं गळतात, दुसऱ्या वर्षी मुली. काहींना आई-बाप जवळच्या खासगी शाळेत टाकतात, उसनवारी करून. तिसऱ्या वर्षी पट निम्म्यावर येतो. मग फाइलवर शेरा पडतो, "पटसंख्या अपुरी, नवीन इमारतीची गरज दिसत नाही." आधी शाळा हलवायची, मग मुलं कमी झाली म्हणून शाळा बंद करायची! मराठी माध्यमाच्या शाळांची काळजी आपण भाषणांत करतो. ती शाळा अशी, फाइलमधल्या एका शेऱ्याने मरते.

यावर ठरलेलं उत्तर येतं ते म्हणजे पैसा नाही. मंडळी, बाकी कुठल्याही नगरपालिकेने हे म्हटलं तर मी मान्य करीन. मुंबईचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं होतं, त्यातलं शिक्षणाचं ३,९५५ कोटींचं. पालिकेच्या मुदत ठेवी एके काळी, २०२२ च्या सुमारास, ९० हजार कोटींच्या वर होत्या. त्या नंतर घटल्या, आणि त्यातला बराच भाग कर्मचाऱ्यांची देणी, कंत्राटदारांच्या अनामत रकमा आणि हाती घेतलेले प्रकल्प यांना बांधलेला आहे, हेही खरं. त्या ठेवी फोडा असं मी म्हणत नाही. शिक्षणाच्या अंदाजपत्रकातलाही मोठा वाटा पगार आणि पेन्शनचा असतो, तेही मान्य. आणि पालिका नव्या इमारती बांधतच नाही असंही नाही, काही तर बघण्यासारख्या आहेत. तरी थोडं गणित करून बघू.

समजा एक शाळेची इमारत ३,००० चौरस मीटरची आहे आणि आज बांधायला चौरस मीटरला ४०,००० रुपये पडतात. हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. एकूण १२ कोटी. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९० मध्ये सार्वजनिक इमारतींसाठी एक अंगठेनियम दिला होता, की इमारतीच्या पुनर्बांधणी किमतीच्या दोन ते चार टक्के रक्कम दरवर्षी देखभाल-दुरुस्तीला ठेवा. आपण खालचा दर धरू, दोन टक्के. झाले वर्षाला २४ लाख. आता पन्नास वर्षांनी इमारत नव्याने बांधायची आहे. व्हॅल्युएशनच्या पेपरात आपण सिंकिंग फंड काढतो तो हाच. सहा टक्के व्याज धरलं तर वर्षाला चार लाखांच्या आसपास बाजूला टाकले की पन्नास वर्षांत १२ कोटी होतात. सर म्हणतील, महागाई विसरलास! बरोबर. समजा बांधकामाची महागाई सगळं व्याज खाऊन टाकते. मग सरळ भागाकार, आजच्या पैशात वर्षाला २४ लाख. दोन्ही मिळून ४८ लाख. दोन सत्रांत मिळून हजार मुलं शिकत असतील तर मुलामागे वर्षाला ४,८०० रुपये, महिन्याला ४००. आपल्यापैकी कित्येकांचं कॅन्टीनचं आठवड्याचं बिल यापेक्षा जास्त येतं. आणि पाचशे इमारती धरल्या तरी बेरीज २४० कोटी, म्हणजे ३,९५५ कोटींच्या सहा टक्के. आकडे थोडे वर-खाली होतील, पण अशक्य कोटीतलं काही नाही.

हे न करण्याची किंमत किती? डी सिटर नावाच्या अभियंत्याने १९८४ मध्ये 'पाचाचा नियम' मांडला. बांधताना नीट खर्च केलेला एक रुपया वाचवलात तर गंज सुरू होण्याआधी देखभालीला पाच, गंज सुरू झाल्यावर दुरुस्तीला पंचवीस आणि सगळं हाताबाहेर गेल्यावर एकशे पंचवीस रुपये लागतात. आकडा शब्दशः घेऊ नका, पण दिशा पक्की आहे. गच्चीचं वॉटरप्रूफिंग वेळेवर केलं असतं तर त्या शाळेचा वरचा मजला कदाचित आजही चालू असता.

मग पैसा असून काम का होत नाही? मला वाटतं दोन कारणं. एक म्हणजे देखभालीची फीत कापता येत नाही. नव्या इमारतीला कोनशिला बसते, नाव कोरलं जातं. पाइपाची गळती काढली म्हणून कोणाचं नाव कोरतात का? दुसरं म्हणजे कॅलेंडर. अंदाजपत्रक फेब्रुवारीत, पैसे एप्रिलपासून, मग निविदा, मग छाननी, कंत्राटदाराला कार्यादेश मिळेपर्यंत पाऊस आलेला असतो आणि शाळाही उघडलेली असते. पावसात गच्चीचं काम होत नाही, वर्ग भरलेले असताना तोडफोड होत नाही. दिवाळीनंतर कसंबसं काम सुरू होतं आणि मार्चअखेर पैसे 'संपवायचे' म्हणून घाईत गुंडाळलं जातं. घाईतला गिलावा पुढच्या जुलैत खाली येतो. ज्याचं काम एप्रिल-मे या दोन महिन्यांतच नीट होऊ शकतं, त्याची निविदा आदल्या ऑक्टोबरात निघायला नको का? आपल्या सबमिशनसारखंच आहे हे. तारीख सहा महिने आधी माहीत असते, फाइल मात्र आदल्या रात्री!

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं समजायचं कारण नाही. ३१ ऑगस्ट २०२३ ला, शाळा उघडायला चार-पाच दिवस असताना, इंग्लंडमध्ये शंभराहून जास्त शाळांना इमारती किंवा त्यांचे भाग बंद करायला सांगितलं गेलं. कारण छतांमध्ये वापरलेलं एक हलकं, सच्छिद्र काँक्रीट. ते पन्नास ते नव्वदच्या दशकांत सर्रास वापरलं गेलं, आणि २०१८ मध्ये केंट परगण्यातल्या एका प्राथमिक शाळेचं तसलं छत कोसळलंही होतं. शनिवार-रविवार होता म्हणून मुलं वाचली. म्हणजे इशारा मिळाल्यावरही पाच वर्षं गेली. श्रीमंत देश, पण दुखणं तेच. बांधून झालं की इमारतीचं वय मोजायला आपण विसरतो.

आणि घाईच्या नियोजनाचं उदाहरण तर अंधेरीकरांच्या दारातच आहे. गोखले पुलाचा भाग ३ जुलै २०१८ ला रुळांवर पडला. पूल बंद झाला नोव्हेंबर २०२२ मध्ये. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू उघडली तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की नवा पूल आणि शेजारचा बर्फीवाला पूल यांच्या उंचीत दोनेक मीटरचं अंतर आहे! मग व्हीजेटीआयचा सल्ला घेऊन, जॅक लावून बर्फीवालाचं टोक उचललं, आणि सगळा पूल सुरू व्हायला मे २०२५ उजाडला. ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाने शिव्या घातल्या, पेपरात आलं, कार्टूनं निघाली. शाळेतली मुलं अडकली तर हॉर्न कोण वाजवणार?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. शाळा मुलाला प्रगतिपुस्तक देते. शाळेच्या इमारतीलाही प्रगतिपुस्तक द्या, आणि ते शाळेच्या दारावर लावा. इमारत कधी बांधली, शेवटचं ऑडिट कधी झालं, कोणी केलं, वर्ग कोणता मिळाला, काय दुरुस्ती सुचवली, त्यातली किती झाली, किती पैसे लागले, पुढची तपासणी कधी. एक पान पुरे. आज शाळांची माहिती यू-डायसमध्ये भरली जाते, त्यात किती खोल्या सुस्थितीत, किती दुरुस्तीच्या, असा रकानाही असतो. पण तो भरतात मुख्याध्यापक. बाईंनी मुलांना शिकवावं की बीममधली भेग पाच मिलिमीटरची आहे की एक, ते ठरवावं?

दुसरं, पाच वर्षांची यादी. कुठल्या वर्षी कुठली इमारत दुरुस्तीला, कुठली पाडायला, हे आधी जाहीर करा आणि क्रम कसा लावला तेही सांगा. नाहीतर ज्या वॉर्डाचा आवाज मोठा त्याची शाळा आधी होते. तिसरं, दुरुस्तीचा पैसा वेगळ्या खात्यात, दुसरीकडे वळवता न येणारा. मालमत्ता कराच्या बिलात शिक्षण उपकर वेगळा दाखवतातच. हां, २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना हा कर माफ झाला, तेव्हा मिळकत घटली हे मान्य. मध्यमवर्गाला माफी आवडली, मलाही आवडली, घरी बिल आलं नाही. पण जे सोडलं त्याची भरपाई शाळेच्या छतातून होता कामा नये.

चौथं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी मुलांची सोय, मग हातोडा. राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. इमारत पाडायची म्हणून हा नियम रजेवर जात नाही. जवळ जागा नसेल तर बस द्या, मैदानात तात्पुरते वर्ग उभारा, भाड्याने हॉल घ्या, पण त्याचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरा. आणि पालकांच्या हातात एक लेखी कागद द्या, 'अमुक तारखेला याच जागी, याच माध्यमाची शाळा परत सुरू होईल.' नव्या इमारतीची गरज ठरवताना पट मोजायचा तो शाळा हलवण्याआधीचा, नंतरचा नाही.

"पण पालिका शाळेत जातंय कोण?" हा प्रश्न मला आमच्याच विंगमध्ये विचारला गेला. पट घटलाय हे खरंच आहे, आणि दोन अर्ध्या रिकाम्या इमारतींची एक चांगली इमारत करायला माझी हरकत नाही. ते उघडपणे, पालकांना विचारून करा. पण एक गोष्ट सांगतो. २०२० मध्ये पालिकेने जोगेश्वरीच्या पूनमनगरमध्ये सीबीएसईची शाळा काढली, तशा इतरही काढल्या, आणि प्रवेशाला सोडत काढायची वेळ आली. शाळा पालिकेचीच ना? लोक पालिकेला नाकारत नाहीत, गळक्या वर्गाला आणि उद्या बंद पडेल अशा शाळेला नाकारतात. माझंही शिक्षण चौथीपर्यंत पालिका शाळेतच झालं. तिथल्या बाईंनी शिकवलेले पाढे अजून सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला कामी येतात.

आता आपण काय करायचं? स्ट्रक्चरल ऑडिट आपण करू शकत नाही, ते नोंदणीकृत अभियंत्याचंच काम, आणि हौसेने कोणी हातोडी घेऊन जाऊ नये. पण एनएसएसमध्ये दरवर्षी त्याच टेकडीवर झाडं लावण्याऐवजी एक वर्ष जवळच्या पाच शाळा घेता येतील. मुख्याध्यापकांची परवानगी काढायची, खोली-खोलीचा नकाशा करायचा, ओल कुठे, भेग कुठे, सळई कुठे दिसते, त्याचे तारीखवार फोटो. पावसाआधी एकदा, पावसानंतर एकदा. आपले सर मागे उभे राहिले तर हे सहज जमेल. दुसरं म्हणजे माहितीचा अधिकार. दहा रुपयांचा अर्ज, त्यात त्या शाळेचा ऑडिट अहवाल मागायचा, आणि तो पालकांना सोप्या मराठीत समजावून सांगायचा. कारण शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्रत्येक पालिका शाळेत व्यवस्थापन समिती असते, तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करायचा अधिकार याच समितीला आहे. मावशींना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, "मी पण आहे की त्या समितीत! सही करायला बोलावतात." कशावर सही केली ते त्यांना माहीत नव्हतं.

त्यांच्यासोबत बसून आम्ही तिघांनी अर्ज लिहिला. मी, मेकॅनिकलचा एक जण आणि अक्षर बरं म्हणून कॉम्प्युटरची एक मैत्रीण. चार प्रश्न, एक पान. ऑडिट कोणी केलं, अहवालाची प्रत द्या, नवी इमारत कोणत्या वर्षाच्या अंदाजपत्रकात धरली आहे, मुलं कधी परत येणार. हा लेख मासिकाला देईपर्यंत उत्तर आलेलं नाही. मुलगी सध्या शाळेत जाते आहे. हमरस्त्यापर्यंत तिला आमच्यातलं कोणीतरी सोडतं, वार वाटून घेतलेत. पण हे फार तर परीक्षेपर्यंत चालेल, मग आमची पीएल आणि मग सुट्टी.

आमच्या पॅसेजचं छत मात्र छान झालंय. खाली उभं राहून वर पाहिलं की नव्या गिलाव्याचा चौकोन वेगळा दिसतो. ज्यांना वार वाटून घ्यायचा असेल, किंवा पुढचा अर्ज लिहायला बसायचं असेल, त्यांनी रात्री जेवणानंतर मेसमध्ये यावं. मावशी असतातच.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी